सावलीचा हिशेब

परवा प्रार्थनाघराच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या आवरायला घेतल्या. धर्मगुरूच्या आयुष्यात जपमाळेच्या खालोखाल कुणाची सोबत असेल तर ती या वह्यांची. वीज, पाणी, मेणबत्त्या, छपराची डागडुजी असा सारा संसार त्यांत उतरलेला असतो. पाने उलटता उलटता 2022 च्या फेब्रुवारी महिन्यापाशी हात थांबला. माझ्याच अक्षरात एक ओळ होती : ‘अंगणातील कडुनिंब काढणे, मजुरी व वाहतूक – 21,000 रुपये.’ काही पाने पुढे, मे महिन्यात, दुसरी ओळ होती : ‘बागेसाठी आच्छादन, पोती 20, टेम्पोभाड्यासह – 6,800 रुपये.’

दोन्ही नोंदी बरोबर होत्या. पावत्याही टाचून ठेवलेल्या होत्या. हिशेब तपासणाऱ्याने त्यांवर बरोबरची खूण केली होती. तरीही त्या दोन ओळी एकापाठोपाठ वाचताना मन अस्वस्थ झाले. इतरांचे पापनिवेदन ऐकण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. आज वाचकांपुढे माझेच एक निवेदन करावे असे वाटते.

धाड हे बुलढाणा तालुक्यातील गाव. बुलढाण्याहून पूर्वीच्या औरंगाबादेकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाताना ते लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगा जवळच, आणि जालना जिल्ह्याची हद्दही फार दूर नाही. मुलूख कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि मिरचीचा. आमच्या विस्तीर्ण धर्मग्रामातील मोजकी कुटुंबे इकडे विखुरलेली आहेत. त्यांच्यासाठी गावाच्या एका टोकाला एक लहानसे प्रार्थनाघर आहे, त्याला लागून माझी खोली, आणि पुढे वावभर अंगण म्हणावे एवढी बाग. लिंबाची दोन झाडे, एक पेरू, शेवगा, जास्वंदी, आणि वेदीवरच्या फुलांसाठी शेवंतीचे व झेंडूचे वाफे.

या साऱ्यांवर छत्र धरून तो कडुनिंब उभा होता. तो कुणी लावला, कधी लावला, हे कुणालाच ठाऊक नव्हते. बुंधा दोघांच्या कवेत मावत नसे. अर्धा विस्तार आमच्या अंगणावर आणि अर्धा कुंपणाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर. रविवारची मिस्सा संपली की बायका त्याच्याखाली टेकत, मुले निंबोळ्या वेचून एकमेकांना मारीत, आणि पुरुषमंडळी पावसाच्या व भावाच्या गोष्टी करीत. खरे म्हणजे आमची धर्मग्रामसभा प्रार्थनाघरात नव्हे, त्या झाडाखालीच भरत असे.

2021 साली, उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या वादळात त्याची एक मोठी फांदी कडाडून खाली आली. धर्मशिक्षणाचा वर्ग जिथे बसतो, त्याच पत्र्याच्या छपरावर ती आदळली. कोविडमुळे वर्ग बंद होते म्हणून अनर्थ टळला. वाकलेला पत्रा पाहताना माझ्या पोटात गोळा आला. तिथे तेरा-चौदा मुले बसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या भीतीत होते, आणि ती भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

पाऊसकाळ सरल्यावर आम्ही बैठक घेतली. झाडाविरुद्ध तक्रारींची यादी मोठी निघाली. मुळांनी भिंतीला तडा गेला आहे, विजेची तार फांद्यांतून जाते, पन्हळी पानांनी तुंबतात, आणि माघ-फाल्गुनात तर झाडलोट करणाऱ्याचे कंबरडे मोडते इतका कचरा पडतो. ‘कचरा’ हा शब्द त्या दिवशी किती वेळा उच्चारला गेला कुणास ठाऊक! मीही उच्चारला. फक्त आमच्यातले एक वयस्क शेतकरी, ज्यांना सारे काका म्हणतात, एवढेच म्हणाले, “फादर, फांदी जड झाली हाय, झाड नाही. तारेकडची अन् छपराकडची फांदी उतरवा. झाड राहू द्या.”

लाकूडवाल्याला बोलावले. फांद्या उतरवायचे त्याने 3,500 रुपये सांगितले. सबंध झाड काढायचे 24,000. वर चढणारा कसबी माणूस, दोरखंड, कटर, खाली दोर धरायला चौघे आणि दोन दिवसांचे काम. बुंध्याचे जाड लाकूड त्याने घ्यायचे, त्याचे 6,000 वजा, म्हणजे 18,000. फांद्या-पाला उचलून नेण्याच्या ट्रॉलीच्या दोन खेपा, दर खेपेस 1,500. एकूण 21,000. इथे वाचकांपैकी ज्यांनी घराजवळचे झाड काढले असेल त्यांना हा अनुभव आला असेल : शेताच्या बांधावरचे झाड असले तर लाकूडवाला उलट आपल्याला पैसे देतो, तेच झाड घर, भिंत आणि तार यांच्यामध्ये सापडले की आपण त्याला पैसे द्यायचे. लाकूड तेच असते. पैसे आपण मोजतो ते झाड आडवे करण्याचे नव्हे, ते हळूहळू आणि कुणालाही इजा न होता खाली उतरवण्याचे.

मी मनाशी गणित केले. फांद्या आज उतरवल्या तरी तीन-चार वर्षांनी पुन्हा वाढणार, पुन्हा खर्च, पुन्हा भीती. त्यापेक्षा एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे. गणित चोख वाटले. बैठकीने माझ्याकडे पाहिले आणि मी होकार दिला. काका काही बोलले नाहीत.

रीतीप्रमाणे अर्ज केला, पाहणी झाली, पंचायतीचा कागद मिळाला. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा 1964 सालापासून आहे. चिंच, आंबा, जांभूळ, साग अशी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. झाड वाळलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल तर परवानगी मिळते. शहरांसाठी 1975 चा निराळा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, 50 वर्षांहून जुन्या झाडाला खास संरक्षण मिळाले, आणि एक झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ही दुरुस्ती शहरांपुरती, धाडला ती लागू नाही. पण ज्या वर्षी आमच्या राज्याने झाडाचे वय मोजायला घेतले, त्याच वर्षी मी आमच्या झाडाचा फक्त खर्च मोजत होतो, हा योगायोग मला नंतर बोचला.

फेब्रुवारीत दोन दिवस कटरचा आवाज घुमत राहिला. वर चढलेला माणूस आपल्या कामात निष्णात होता. एकेक फांदी दोराने बांधून, कापून, अलगद खाली सोडीत होता. कुठे पत्रा वाजला नाही की भिंतीची वीट हलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुंधाही गेला. उरला तो गुडघाभर उंचीचा खुंट. तो मुळासकट उपटायला जेसीबी लागणार होता आणि त्याचे 4,000 रुपये वेगळे. पेटीत तेवढे पैसे नव्हते. ‘पुढे पाहू,’ असे म्हणून तो तसाच ठेवला. पाल्याच्या दोन्ही ट्रॉल्या गावाबाहेर नेऊन रित्या केल्या आणि पेटवून दिल्या. रात्री वाऱ्याबरोबर तो कडवट धूर माझ्या खिडकीत आला. त्या धुराचेही मी पैसे मोजले होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

त्यानंतर आला तो मार्च महिना. भारतीय हवामान विभागाच्या 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च म्हणून 2022 चा मार्च लिहिला गेला. माझ्या खोलीची भिंत सकाळी दहापासून तापू लागे. शेवंतीने पहिल्यांदा मान टाकली. मग लिंबाची पाने वळू लागली. पूर्वी एक दिवसाआड पाणी पुरे, आता सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाई आणि मातीवर भेगांची जाळी उमटे.

20 मार्च 2022 हा उपवासकाळातला तिसरा रविवार होता. त्या दिवसाचे शुभवर्तमान संत लूकच्या तेराव्या अध्यायातले. वाचकांना तो दाखला ठाऊक आहे. मळ्यातले अंजिराचे झाड तीन वर्षे फळ देत नाही, मालक ते तोडून टाकायला सांगतो, आणि माळी विनवतो की आणखी एक वर्ष त्याला राहू द्यावे, आपण त्याच्या भोवती खणून खत घालू. सेमिनरीत असताना या दाखल्यावर मी एक निबंध लिहिला होता. त्यावर मी कितीतरी प्रवचने दिली आहेत. देवाची सहनशीलता, पश्चात्तापासाठी मिळालेली मुदत, सारे मुद्दे पाठ होते. त्या रविवारीही बोलायला उभा राहिलो. उघड्या दारातून समोर खुंट दिसत होता. मागच्या बाकावर काका बसले होते. मला आठवले की त्या दाखल्यात मालकापेक्षा माळ्याला झाडाची अधिक माहिती आहे, आणि मालक त्याचे ऐकतो असे आपण सारे गृहीत धरतो. मी मात्र ऐकले नव्हते. प्रवचन मी लवकर आटोपले.

त्याच आठवड्यात मला बाबांची फार आठवण आली. मी मूळचा वसईचा. आमची लहानशी वाडी होती. बावखलाच्या काठाने राजेळी केळी, मधून मधून फुलझाडे, कडेला आंबा आणि ताड. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. वाडीतला पातेरा त्यांनी कधी जाळला नाही की बाहेर टाकला नाही. केळीचा घड उतरवला की खोडाचे तुकडे करून, सोपटे मोकळी करून ते शेजारच्या केळीच्या बुडाशी अंथरीत. आम्हा मुलांना सुटीत तेच काम. मी एकदा कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले होते, “वाडीतले वाडीत राहू दे. बाहेर गेले की विकत आणावे लागते.” तेव्हा ते मला गरिबाचे काटकसरीचे बोल वाटले होते. तो बागायतीचा सबंध सिद्धांत होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कडुनिंब आपली पाने केव्हा गाळतो, हे आठवून पाहा. शिशिर सरता सरता, माघ-फाल्गुनात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. बारीक, हलकी, लवकर कुजणारी पाने थरावर थर पडतात आणि कडक ऊन सुरू होण्याआधी जमीन झाकली जाते. मग चैत्रात झाडाला नवी पालवी फुटते आणि वर सावली तयार होते. खाली पांघरूण, वर छत्री, आणि दोन्ही नेमक्या वेळी! ज्याला आम्ही बैठकीत कचरा म्हणालो तो बागेचा उन्हाळ्याचा शिधा होता. दरवर्षी आम्ही तो झाडून कोपऱ्यात लोटत असू, तरी वाफ्यांत जे उरे त्यावर बाग तग धरून होती. आम्ही झाड काढले ते फेब्रुवारीत, पानगळ पुरी होण्याआधी. तो शिधा आम्ही ट्रॉलीत भरून, भाडे देऊन, जाळायला पाठवला.

एप्रिलमध्ये बाग वाचवण्याची धडपड सुरू झाली. प्रथम हिरवी जाळी आणली, 4,200 रुपये. मग पाण्याचे सहा टँकर, प्रत्येकी 900 प्रमाणे 5,400. तरी पाणी टिकेना. कुणीतरी सांगितले की जमिनीवर ‘मल्च’ घाला. मी काकांना विचारले तर ते हसले. “मल्चिंग पेपर म्हणता का, फादर? आमच्या मिरचीला असतो तो?” मिरची आणि टरबूज यांच्या शेतात गादीवाफ्यावर अंथरतात तो प्लॅस्टिकचा कागद, वरून रुपेरी आणि खालून काळा. चार फूट रुंद आणि चारशे मीटर लांब अशी त्याची गुंडाळी मिळते. तण उगवत नाही, ओल टिकते, पीक चांगले येते, म्हणून सरकारने त्याला अनुदानही दिले. शेतकऱ्याला तो परवडतो, कारण त्याच्या मिरचीला बाजार आहे. पण हंगाम संपल्यावर तो फाटका कागद गोळा करण्याचा ताप काकांनीच मला सांगितला. तुकडे मातीत राहतात आणि नांगराला गुंडाळले जातात.

मला कागद नको होता. औरंगाबादच्या एका रोपवाटिकेत लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या काथ्याचा भुसा पोत्यांत मिळतो असे समजले. 280 रुपयांचे एक, अशी 20 पोती आणली. 5,600 रुपये, आणि टेम्पोचे 1,200. पहिले पोते उघडले आणि हात थबकला. आत होत्या कसल्यातरी झाडाच्या साली आणि फांद्यांचे बारीक तुकडे. जे देऊन टाकण्यासाठी मी फेब्रुवारीत पैसे मोजले, तेच मी मे महिन्यात पैसे मोजून घरी आणले होते.

ही गोष्ट मी फोनवर अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला सांगितली. तो हसला, मग गंभीर झाला. त्याच्याही अंगणातले मेपलचे झाड मागच्या वर्षी काढले होते. तिकडे झाड तोडणाऱ्यांबरोबर एक यंत्र येते, फांद्या त्यात घातल्या की जागच्या जागी ढलप्या होतात. त्या ढलप्या ते लोक घेऊन गेले, आणि वसंतात त्याने दुकानातून रंगीत ढलप्यांच्या तीस पिशव्या आणल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला विचारले, “अरे, त्यांना सांगितले असतेस तर अंगणातच ओतून गेले असते. त्यांचा वाहतुकीचा खर्च वाचला असता.” म्हणजे हे अडाणीपण धाडचे नाही आणि अमेरिकेचेही नाही. जी वस्तू आपल्या दारात पडते तिची किंमत आपल्याला कळत नाही. तीच पिशवीत बांधून आली की कळते.

आच्छादनाचे शास्त्र काही अवघड नाही. उघड्या मातीवर ऊन थेट पडले की ओल वाफ होऊन उडते, माती तापते आणि तिच्यातले सूक्ष्म जीव मरतात. वर दोन-तीन इंचांचा थर असला की ऊन थरावर पडते, माती गार राहते, तणाला उजेड मिळत नाही, आणि पावसाचा थेंब मातीला झोडपत नाही. खालचा थर कुजत जातो आणि त्याची माती होते. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या चळवळीतून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हेच शिकवले, की पालापाचोळा म्हणजे साठवलेले ऊन आहे. आमच्या विदर्भातले, अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या नैसर्गिक शेतीच्या चार सूत्रांत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या जोडीला आच्छादन आहेच. सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकवीत. त्या भाषेत मातीला ‘हुमुस’ म्हणतात, आणि नम्र या अर्थाचा ‘हुमिलिस’ हा शब्द त्याच मुळातून आलेला आहे. परीक्षेत मी ही व्युत्पत्ती बिनचूक लिहिली होती.

परंतु या निवेदनातला सर्वांत जड भाग अजून यायचा आहे.

भिंतीपलीकडे रस्त्यावर कडुनिंबाची जी सावली पडे, तिथे बाजाराच्या दिवशी एक आजी मिरच्या घेऊन बसत. गोणपाट, त्यावर हिरव्या मिरचीचे ढीग, कडेला कोथिंबीर, आणि फडक्याने झाकलेला पाण्याचा तांब्या. त्या आमच्या धर्मग्रामातल्या नव्हत्या. आमच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावले नाही, आणि बोलवावे असे कुणाच्या मनातही आले नाही. झाड गेल्यावर दोन-तीन आठवडे त्या छत्री उघडून बसलेल्या दिसल्या. मग दिसेनाशा झाल्या. मी टँकरच्या आणि पोत्यांच्या गडबडीत होतो. मे महिन्याच्या मध्यास, आच्छादन पसरून झाल्यावर, भिंतीवरून सहज पलीकडे पाहिले आणि ती रिकामी जागा नजरेत भरली.

चौकशी करीत गेलो. त्या बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका दुकानाच्या पायरीशी अंग चोरून बसल्या होत्या. दुकानदार दुपारपर्यंत बसू देतो, मग उठवतो, असे त्या सांगू लागल्या. उन्हात मिरची कोमेजते, मग गिऱ्हाईक भाव पाडते. मी म्हणालो, “आजी, झाड काढताना तुम्हांला विचारायला हवे होते.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटते, थोडे नवल होते.

“झाड तं तुमचंच व्हतं, फादर,” त्या म्हणाल्या. “सावली तेवढी आमची व्हती.”

त्यांनी मला पावशेर मिरची बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी तिथून परतलो तो त्या एका वाक्यानिशी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले, तेव्हा आम्हा धर्मगुरूंच्या सभांमधून त्यावर कितीतरी चर्चा झाल्या. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन नाहीत, एकच आहेत, हे त्यातले सूत्र मी स्वतः लोकांना समजावून सांगितले होते. समजावणे सोपे असते. धाडच्या बाजारात मला ते पावशेर मिरचीच्या पुडीत बांधून मिळाले.

जूनमध्ये, वार्षिक हिशेब वाचून दाखवण्याच्या रविवारी, मी वहीबरोबर एक कागदही घेऊन उभा राहिलो. झाड काढणे 21,000. जाळी, पाणी आणि आच्छादन मिळून 16,400. एकूण 37,400. ज्या कामाला 3,500 लागले असते त्यावर आपण इतके खर्च केले, आणि हा निर्णय माझा होता, असे सांगितले. हे पैसे कुणाचे होते, ते मला ठाऊक होते. कापूस विकल्यावर कुणी दिलेले पाचशे, मजुरीतून कुणा विधवेने टाकलेले पन्नास. मग म्हणालो, “आणखी एक खर्च आहे, तो या वहीत मांडता येत नाही,” आणि आजींची गोष्ट सांगितली. प्रार्थनाघरात शांतता पसरली. मिस्सा संपल्यावर काका जवळ आले. मला वाटले, आता म्हणतील की मी सांगितले होते. ते म्हणाले, “फादर, खुंट पाहिला का? पाऊस पडू द्या.”

पाऊस पडला, आणि जुलैमध्ये त्या खुंटाच्या कडेने तांबूस कोवळे धुमारे फुटले. कडुनिंबाचा हा गुणच आहे. मूळ जिवंत असले तर तो खुंटातून पुन्हा उठतो. जेसीबीचे 4,000 रुपये पेटीत असते तर हे झाले नसते. आमच्या शहाणपणाने नव्हे, आमच्या टंचाईने ते झाड वाचवले. काकांनी दहा-बारा धुमाऱ्यांपैकी एक सरळ, सशक्त निवडला आणि बाकीचे खुडून टाकले. भिंतीकडे आणि तारेकडे वळणारी फांदी कोवळी असतानाच काढायची, हे आता ठरले आहे. कोवळ्या फांदीला कोयता पुरतो, कटर लागत नाही.

आमच्या अंगणात आता पान जळत नाही. लिंबाच्या, पेरूच्या आणि शेवग्याच्या पाल्याबरोबर एका कुटुंबाच्या मळणीनंतरचे सोयाबीनचे कुटार येते, दुसऱ्याकडून गव्हांडा येतो. आधी पाणी द्यायचे, मग आच्छादन पसरायचे. झाडाच्या खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल कुजते. लाकडाच्या ताज्या ढलप्या असतील तर त्या मातीत मिसळायच्या नाहीत, वरच ठेवायच्या. मिसळल्या तर त्या कुजताना मातीतले नत्र ओढून घेतात. आणि आमच्याकडे वाळवी फार, म्हणून भिंतीलगत काही अंथरायचे नाही. एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या की विकतच्या पोत्याची गरज पडत नाही.

वाचकांपैकी बरेचजण वसईकडचे आहेत, पुण्या-मुंबईचे आहेत. वाडीच्या जागी इमारत झाली असेल, तरी गच्चीवर कुंड्या असतील, गृहसंस्थेच्या आवारात दोन-चार झाडे असतील. कधी एखादे झाड खरोखरच काढावे लागते. पोकळ झालेले, वाळलेले, मुलांच्या डोक्यावर झुकलेले झाड ठेवणे हा झाडावरचा लोभ नव्हे, निष्काळजीपणा आहे. तेव्हा काढा. पण काढण्याआधी जाणत्या माणसाला विचारा की फांदी उतरवून भागेल का. काढावेच लागले तर पाला आणि बारीक फांद्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि भिंतीपलीकडे जाऊन एकदा पाहा की सावलीत कोण बसले आहे.

नवा कडुनिंब आज छपराच्या वळचणीपर्यंत पोहोचला आहे. गेल्या फाल्गुनात त्याची मूठ-दोन मुठी पाने शेवंतीच्या वाफ्यात पडली. भिंतीपलीकडे त्याची सावली अजून पोहोचत नाही. पोहोचायला आणखी कितीतरी वर्षे लागतील, आणि तेव्हा या प्रार्थनाघरात दुसरा कुणी धर्मगुरू असेल. आजी अजून त्या दुकानाच्या पायरीशीच बसतात. मी मिरची त्यांच्याकडूनच घेतो, आणि आता त्या पैसे घेतात.

यंदाच्या वहीत ‘आच्छादन’ या शब्दापुढे मी आडवी रेघ ओढली आहे. त्याखाली ‘सावली’ असा एक शब्द लिहून ठेवला आहे. त्याच्यापुढचा रकाना मात्र अजून कोराच आहे.